ज्यूरीची दया कुणाच्या वाट्याला येते?

'रुस्तम' हा सिनेमा टीव्हीवर अजूनही अधूनमधून लागतो, आणि तो लागला की आमच्याकडे ठरलेला प्रश्न येतो. नौदलातला एक अधिकारी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालतो, स्वतःच्या पायाने पोलिसांकडे जातो, आणि तरीही कोर्टातून निर्दोष सुटतो. हे खरंच घडलं होतं का? आणि घडलं असेल, तर कसं? गोळ्या आपणच झाडल्या असं सांगणारा माणूस सुटतो कसा?

घडलं होतं, आणि आपल्या मुंबईतच घडलं होतं. त्यावर एक नाही, तीन सिनेमे निघाले. १९६३ चा 'ये रास्ते हैं प्यार के', १९७३ चा 'अचानक' आणि २०१६ चा 'रुस्तम'. पण 'रुस्तम' जिथे संपतो, तिथे खरी गोष्ट संपली नव्हती. पुढचा भाग बायकांनी तर जरूर ऐकावा असा आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

तारीख होती २७ एप्रिल १९५९. कमांडर कावस माणेकशॉ नानावटी हे नौदलातले नावाजलेले अधिकारी. पत्नी सिल्व्हिया मूळच्या इंग्लंडच्या. तीन मुलं. नानावटी बोटीवर महिनोन्‌महिने बाहेर असत. त्या काळात सिल्व्हियांचे प्रेम आहुजा या व्यापाऱ्याशी संबंध जुळले. त्या दिवशी दुपारी घरी त्यांनी नवऱ्याला ते सांगून टाकलं. पुढे काय झालं, ते जरा वेळ लक्षात ठेवून ऐका, कारण सगळा खटला त्या दुपारच्या घड्याळावर उभा आहे. नानावटींनी बायको-मुलांना मेट्रो सिनेमापाशी सोडलं. तिथून ते बोटीवर गेले. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचं आहे, असं खोटं सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. ती आपण स्वतःला संपवायला घेतली होती, असं त्यांनी पुढे कोर्टात सांगितलं. मग ते आहुजांच्या कचेरीत गेले. तिथे आहुजा नव्हते, म्हणून मलबार हिलवरच्या त्यांच्या फ्लॅटवर गेले. आहुजा नुकतेच अंघोळ करून बाहेर आले होते, अंगावर फक्त टॉवेल. बेडरूमचं दार बंद झालं, गोळ्या सुटल्या आणि आहुजा मेले. नानावटी खाली उतरले आणि सरळ पोलिसांच्या स्वाधीन झाले.

बंद दाराआड काय बोलणं झालं? नानावटी म्हणाले, मी त्याला विचारलं, तू सिल्व्हियाशी लग्न करणार का, माझ्या मुलांना सांभाळणार का? त्यावर आहुजा म्हणाला, ज्या ज्या बाईबरोबर मी झोपतो तिच्याशी लग्न करत बसू का? हे वाक्य घरोघरी पोचलं. ऐकणाऱ्याचं रक्त खवळावं असंच ते आहे. पण त्या खोलीत दोनच माणसं होती, आणि त्यातला एक काही सांगायला उरलेला नव्हता. आहुजा ते बोलले की नाही, हे आपल्याला फक्त नानावटींच्या तोंडून कळतं. खटल्याबद्दल वाचताना आम्ही स्वतः या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो.

आता ज्यूरीबद्दल. आपल्यापैकी बहुतेकींच्या जन्माच्या आधीच ती आपल्याकडून गेली, म्हणून थोडं सांगावं लागेल. ज्यूरी म्हणजे कायद्याचं शिक्षण नसलेली साधी नागरिक माणसं. गावचे पंच डोळ्यांसमोर आणू नका. पंच तडजोड घडवतात. ज्यूरीचं काम एवढंच, की पुरावा ऐकायचा आणि आरोपी दोषी की निर्दोष हे सांगायचं. कायदा काय आहे ते न्यायाधीश त्यांना समजावून देतात आणि घडलं काय ते ज्यूरी ठरवते. ती एका बंद खोलीत जाऊन विचार करते आणि आपल्या निकालाची कारणं देत नाही. सगळी गोम इथेच आहे. कारणं द्यायची नसतात, त्यामुळे पुरावा डोंगराएवढा असला तरी ज्यूरी 'निर्दोष' म्हणून मोकळी होऊ शकते. कधी तिला तो कायदाच अन्यायाचा वाटतो, कधी आरोपीची कणव येते. इंग्रजीत याला 'ज्यूरी नलिफिकेशन' म्हणतात. मराठीत आपण 'ज्यूरीने कायदा बाजूला ठेवणं' म्हणू.

ही प्रथा इंग्लंडातली, आणि तिची सुरुवातीची गोष्ट मोठी झकास आहे. १६७० साली लंडनमध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोघांवर खटला भरला गेला. ते क्वेकर पंथाचे. त्यांचं प्रार्थनास्थळ सरकारने बंद केलं, म्हणून ते रस्त्यावर उपदेश करत होते. ज्यूरीने त्यांना दोषी ठरवायला नकार दिला. कोर्टाने ज्यूरीलाच कोंडून घातलं. दोन रात्री अन्न नाही, पाणी नाही, ऊब नाही. तरी ती माणसं हटली नाहीत. मग त्यांनाच दंड ठोठावला. बुशेल नावाच्या सभासदाने दंड भरला नाही आणि तुरुंग पत्करला. शेवटी वरच्या कोर्टाने सांगितलं, की निकाल दिल्याबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही. पुढच्या शतकात इंग्लंडात घरातून ४० शिलिंगांची चोरी केली तरी फाशी होती. तेव्हाच्या ज्यूरी काय करत, तर चोरीच्या मालाची किंमत ३९ शिलिंग ठरवत! माल कितीही मोलाचा असो, किंमत ३९. कुणाचा तरी जीव वाचे.

हे ऐकून वाटतं, किती छान. साधी माणसं जुलमी कायद्याला अशी वेसण घालतात. पण हीच ताकद उलटही चालते. १९५५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल नावाच्या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला ठार मारण्यात आलं. का, तर तो दुकानातल्या एका गोऱ्या बाईशी आगाऊपणे वागला, असं म्हणणं होतं. दोन गोऱ्या पुरुषांवर खटला चालला. ज्यूरीत बाराच्या बारा गोरे पुरुष. तासाभराच्या आसपास विचार करून त्यांनी दोघांना सोडलं. काही महिन्यांनी त्याच दोघांनी एका मासिकाला पैसे घेऊन सांगितलं, की होय, आम्हीच मारलं. एकदा सुटल्यावर पुन्हा खटला चालवता येत नव्हता. त्या राज्यात बायकांना ज्यूरीवर बसण्याचा हक्क १९६८ पर्यंत नव्हता, हेही सांगून ठेवतो. दया दाखवणाऱ्यांच्या बाकावर कोण बसलंय आणि कोण बसू शकत नाही, हे पाहिल्याशिवाय त्या दयेचं कौतुक करू नये, असं आम्हाला वाटतं.

आपल्याकडे ज्यूरी इंग्रजांबरोबर आली, आणि तिचा अनुभव मराठी माणसाला चांगलाच आहे. लोकमान्य टिळकांवर मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाचे खटले चालले, ते ज्यूरीपुढेच. १८९७ मध्ये नऊ जणांत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते. निकाल सहा विरुद्ध तीन, टिळक दोषी. १९०८ मध्ये सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. टिळकांचे लेख मराठीत होते आणि त्यांत राजद्रोह आहे की नाही हे ठरवणाऱ्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं. बाहेर सगळी मुंबई टिळकांच्या बाजूने होती, गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. पण त्या सहानुभूतीला ज्यूरीच्या खोलीत शिरायला दार नव्हतं.

नानावटींच्या वेळी ते दार सताड उघडं होतं.

'ब्लिट्झ' नावाचं इंग्रजी साप्ताहिक तेव्हा जोरात होतं. त्याचे संपादक रुसी करंजिया यांनी नानावटींची बाजू उचलून धरली. प्रत्येक अंकात एक शूर, देखणा, प्रामाणिक अधिकारी आणि त्याचा संसार मोडणारा एक श्रीमंत छचोर माणूस. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जायचा, असं सांगतात. रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि खेळण्यातली 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकायला आली, असंही लिहून ठेवलेलं आहे. नानावटी कोर्टात यायचे ते नौदलाच्या पांढऱ्या गणवेशात, छातीवर पदकं. कोर्टाबाहेर गर्दी, आणि त्या गर्दीत बायका पुष्कळ. त्या तिथे का जमत होत्या, याचा विचार आम्ही केला. आम्हाला वाटतं, बायको चुकली तरी तिला न मारणारा, न हाकलणारा आणि मुलांचं काय हे विचारणारा नवरा त्यांना नवलाचा वाटला असेल. आपल्या आसपास पाहिलं तर ते फारसं चुकीचंही नाही.

ज्यूरीचे नऊ सभासद याच शहरात राहत होते, हीच वर्तमानपत्रं वाचत होते. त्यांनी आठ विरुद्ध एक अशा मताने सांगितलं, निर्दोष. खून नाही, आणि त्याहून कमी गुन्हा, म्हणजे सदोष मनुष्यवध, तोही नाही.

लक्षात घ्या, नानावटींनी 'रागाच्या भरात मारलं' असा बचाव घेतलाच नव्हता. त्यांचं म्हणणं होतं, की रिव्हॉल्व्हरवरून झटापट झाली आणि चुकून गोळ्या सुटल्या. सरकारी पक्ष म्हणाला, झटापट झाली तर मग आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा? अंघोळीनंतर नुसता गुंडाळलेला टॉवेल किती टिकतो, हे सांगायला वकील कशाला हवा?

निकाल ऐकून सत्र न्यायाधीश मेहता यांनी मान डोलावली नाही. सिनेमात हा भाग नाही. भारतात ज्यूरीचा शब्द शेवटचा नव्हता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०७ व्या कलमाखाली, ज्यूरीचा निकाल पुराव्याला सोडून आहे असं वाटलं तर न्यायाधीश प्रकरण हायकोर्टाकडे पाठवू शकत होते. मेहतांनी तसंच केलं. हायकोर्टाने सगळा पुरावा पुन्हा तपासला. निघालं असं, की न्यायाधीशांनी ज्यूरीला कायदा समजावून देतानाच काही गोष्टी नीट सांगितल्या नव्हत्या. उदाहरणार्थ, 'अपघात झाला' असं आरोपी म्हणत असेल तर ते दाखवून देण्याची जबाबदारी त्याची असते. ११ मार्च १९६० ला हायकोर्टाने नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली.

आता ते घड्याळ. खुनाच्या कायद्यात एक सवलत आहे. गंभीर आणि एकाएकी डिवचलं गेल्याने माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्या भरात हातून खून झाला, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरतात आणि शिक्षा कमी होते. हायकोर्टात आणि दिल्लीत नानावटींच्या वकिलांनी हाही मुद्दा मांडला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बायकोच्या कबुलीने कुणीही पेटून उठेल, हे मान्य. पण नानावटी दीड वाजता घरातून निघाले आणि गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. मध्ये त्यांनी मुलांना सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन आपली काही कामं उरकली, शस्त्र घेतलं, कचेरी गाठली, घर गाठलं. एवढ्या वेळात डोकं थंड झालंच असेल. सवलत नाही. इंडियन पीनल कोड जाऊन २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण ही सवलत त्याच रूपात तिच्यातही आहे.

मैत्रिणींनो, या 'एकाएकी'पाशी बाईचं प्रकरण अडतं. पुरुष बहुधा तिथल्या तिथे हात उचलतो. जिला वर्षानुवर्षं मार बसलाय, ती बाई तिथल्या तिथे उलटून वार करत नाही, कारण तसं केलं तर तीच मरेल. किरणजीत अहलुवालिया हे नाव ठाऊक असेल, तिच्यावर 'प्रोव्होक्ड' हा सिनेमा निघाला. इंग्लंडात राहणाऱ्या या पंजाबी बाईने दहा वर्षं नवऱ्याची मारहाण सोसली आणि १९८९ मध्ये एका रात्री तो झोपलेला असताना त्याला पेटवून दिलं. तिच्याही खटल्यात ज्यूरी होती. त्या ज्यूरीने कायदा बाजूला ठेवला नाही. मारहाण आणि जाळणं यांत काही तास गेले होते, म्हणून ते 'एकाएकी' नव्हतं. खून, जन्मठेप. तिची दहा वर्षं ज्यूरीपुढे धड मांडलीच गेली नव्हती. मग 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' या बायकांच्या संघटनेने तिच्यासाठी मोहीम उभारली, सह्या गोळा केल्या, निदर्शनं केली. पण नुसतं 'सोडा हो तिला' म्हणून त्या थांबल्या नाहीत. तिच्या मनाची अवस्था काय झाली होती, याचा वैद्यकीय पुरावा वकिलांनी अपिलात पुढे आणला. १९९२ मध्ये अपील कोर्टाने आधीचा निकाल रद्द केला. तिचा गुन्हा खुनाऐवजी मनुष्यवध धरला गेला आणि तुरुंगात काढलेले दिवस पुरेसे मानून तिला सोडण्यात आलं.

एकाचे तीन तास नऊपैकी आठांना समजले आणि दुसरीची दहा वर्षं बाराजणांना समजली नाहीत. देश वेगळे, काळ वेगळा, हे कबूल. तरी ही दोन घड्याळं शेजारी ठेवून बघावीत.

नानावटींच्या गोष्टीचा उरलेला भाग थोडा आहे. ज्या दिवशी हायकोर्टाने जन्मठेप दिली, त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी हुकूम काढला, की अपील संपेपर्यंत शिक्षा थांबवावी आणि नानावटींना नौदलाच्या कोठडीत ठेवावं. म्हणजे साध्या तुरुंगात नाही. प्रकरण आपल्यापुढे असताना राज्यपालांना असं करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६० मध्ये सांगितलं. त्यानंतर १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली. आहुजा सिंधी होते. नानावटींच्या माफीमुळे सिंधी समाज दुखावू नये म्हणून ही जोडी लावली गेली, आणि आहुजांच्या बहिणीनेही संमती दिली, असं या खटल्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. त्या बहिणीचं नाव मॅमी. गोळ्या सुटल्या तेव्हा त्या त्याच घरात होत्या. त्यांच्यासाठी कुणी सभा भरवली नाही. सिल्व्हियांनी नवऱ्याच्या बाजूने साक्ष दिली आणि आहुजांना लिहिलेली त्यांची खासगी पत्रं भर कोर्टात वाचली गेली. १९६८ मध्ये हे कुटुंब कॅनडाला गेलं.

या खटल्यामुळे भारतातून ज्यूरी गेली, असं सर्रास सांगतात. तेवढंच खरं नाही. ज्यूरी बंद करा, अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे आहुजांच्या खुनाच्या आदल्या वर्षी, केली होती. काही राज्यांनी तर ती आधीच सोडली होती. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली, तिच्यात ज्यूरीची तरतूदच ठेवली नाही. या खटल्याने एवढंच झालं, की ज्यूरीच्या बाजूने बोलायला फारसं कुणी उरलं नाही. फक्त पारशी समाजाच्या घटस्फोटाच्या दाव्यांत न्यायाधीशांबरोबर समाजातली पाच माणसं बसतात. ज्यूरीची तेवढी सावली राहिली आहे.

शेवटी तुमच्यापैकी अनेकींचा प्रश्न. ओळखीतली एखादी बाई आरोपी असेल आणि तिच्यावर अन्याय झालाय असं गावाला वाटत असेल, तर काय करता येतं? सह्यांचं निवेदन न्यायाधीशांकडे नेऊन उपयोग नाही, तो पुरावा होत नाही. तिच्यावर आधी झालेल्या मारहाणीचे दवाखान्याचे कागद, पोलिसांत दिलेल्या जुन्या तक्रारी, शेजारणींच्या साक्षी, हे सगळं तिच्या वकिलाकडे खटला चालू असतानाच पोचवा. नंतर फार उशीर होतो. दोषी ठरली तरी शिक्षा किती द्यायची यावर तिचं म्हणणं ऐकून घेणं न्यायाधीशांवर साधारणपणे बंधनकारक आहे. तिची लहान मुलं, तिची परिस्थिती तिथे सांगता येते. वकिलाला पैसे नसतील तरी अडत नाही. कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा. फोन करायचा तर नंबर १५१००. आणि ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरातल्या बाईलाही लक्षात असू द्या, की आरोपी सुटला तर २००९ च्या दुरुस्तीपासून तिलाही अपील करता येतं. मॅमी आहुजांच्या वेळी ही सोय नव्हती.